गोळीआधी सीबीसी

भातसानगरच्या धरण वसाहतीत पोट सतत बिघडायला लागलं की पहिला संशय पाण्यावर, मग जंतांवर, आणि वजन उतरलं की टीबीवर. हा शेवटचा संशय अगदी रास्त. क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार, आणि आतड्याचा टीबी, दोन्हींत बहुतेक वेळा लहान आतड्याचं शेवटचं टोक सुजतं, जखमाही सारख्याच दिसतात. बायोप्सीत टीबीचा जंतू सापडला तर प्रश्न मिटतो, पण तो पुष्कळदा सापडतच नाही. माझ्या आतेभावाला म्हणून आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं दिली. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी केली, तर जखमा तशाच. तेव्हा क्रोन्स ठरला. हा उशीर मला खटकत नाही. टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं असतं तर तो पसरला असता.

मुंबईच्या ओपीडीत डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला पर्यायांचे रकाने पाडले. पहिला स्टेरॉइडचा. आठवड्याभरात भूक लागते, माणूस उठून बसतो. पण आजार कायम दाबून ठेवायला ते कामाचं नाही. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

"पण ह्याच गोळीनं बरं वाटतंय ना त्यांना?" वहिनींनी विचारलं.

"म्हणूनच ती कशी कमी करायची ते आजच लिहून देतो, ताई. आणि मनानं एकदम बंद करायची नाही."

दुसरा रकाना अझाथायोप्रिनचा. स्वस्त, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. त्यानं पांढऱ्या पेशी घटू शकतात, यकृतावर ताण येऊ शकतो. काही भारतीयांत एक जनुकीय बदल असतो. त्यांच्या पेशी नेहमीच्या डोसनंही झपाट्यानं उतरतात. म्हणून सुरुवातीला दर आठवड्या-पंधरवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. डॉक्टरांनी विचारलं, "तपासणीला जाणं जमेल का?" मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. भातसानगरहून शहापूरला जायचं म्हणजे गाडीभाडं आणि कामाचा खाडा. जमणार नसेल तर ती स्वस्त गोळी स्वस्त राहत नाही.

तिसरा इंजेक्शनांचा: इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब. अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅबला 1998 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे 2014 मध्ये अडॅलिमुमॅबची देशी आवृत्ती आली तेव्हा किंमत उतरली, तरी ती आतेभावाच्या आवाक्याबाहेरच. शिवाय शरीरात दडलेला टीबी या इंजेक्शनांनी उफाळू शकतो, त्यामुळे आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी. अडॅलिमुमॅब 2 ते 8 अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. वीज गेली तर फ्रिजचं काय, हा वहिनींचा प्रश्न. लिम्फोमाचं, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं नाव ऐकून त्या दचकल्या. धोका आहे, पण फार थोडा. अझाथायोप्रिन आणि हे इंजेक्शन एकत्र घेणाऱ्या तरुण पुरुषांत जास्त जपावं लागतं.

चौथा रकाना डॉक्टरांनी न विचारता पाडला: काहीच न घेणं. आतडं आकसणं, भगेंद्र, तातडीचं ऑपरेशन. गोळ्यांच्या पाकिटातल्या कागदावर हा धोका छापलेला नसतो, आणि नातेवाईक तोच विसरतात.

आतेभावानं अझाथायोप्रिन घेतलं, स्टेरॉइड उतरवत नेलं, बिडी सोडली. क्रोन्समध्ये धूम्रपानानं आजार बळावतो.

घरात कुणी अझाथायोप्रिन घेत असेल तर दोन गोष्टी पाळा. ताप आला तर त्याच दिवशी सीबीसी करा आणि आपल्या डॉक्टरांना कळवा. आणि युरिक ॲसिडसाठी कुणी ॲलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर ते घेण्याआधी अझाथायोप्रिनचं पाकीट दाखवा. दोन्ही मिळून पेशी जिवावर बेतेपर्यंत उतरू शकतात.