त्रेपन्नचं पोतं, वीसचा स्लॅब

सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबमध्ये कुणाचा स्लॅब पडत असला की शेजारपाजारचे पहिल्यांदा विचारतात, "सिमेंट कितीचं?" 'त्रेपन्न' म्हटलं की सगळे निर्धास्त.

मला ही निर्धास्ती खटकते. ५३ हा आकडा पोत्यातल्या सिमेंटचा आहे, स्लॅबचा नाही. सिमेंट आणि तिप्पट प्रमाणित वाळू यांचा लहानसा ठोकळा २८ दिवसांनी दाबून फोडतात. चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन सोसले तर ते सिमेंट ५३ ग्रेडचं. स्लॅबला लागतं एम-२०. म्हणजे खडीसकट भरलेल्या १५ सेंटिमीटरच्या ठोकळ्याने २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, एकूण जवळपास ४६ टन, पेलायचे. सळईच्या काँक्रीटला याहून खालची ग्रेड आयएस ४५६ या भारतीय मानकात चालत नाही.

मिक्सरपाशी थांबलं की हे वीस कुठे गळतात ते दिसतं. प्रमाण एकास दीड, तीन. ५० किलोचं पोतं साधारण ३५ लिटर भरतं; त्याला वाळू ५२ लिटर, खडी १०५. मोजणी घमेल्यांनी होते, कुठलं शिगेचं, कुठलं सपाट. तरी खरा घात पाण्याने होतो. पोत्यामागे ३० लिटर ही मर्यादा, वाळूतली ओलही त्यातच धरायची. पण वरून हाळी येते, "मिस्त्री, माल घट्ट येतोय!" आणि न मोजता बादली रिकामी होते. त्या माणसांना दोष देववत नाही. भर उन्हात घट्ट माल ओढणं म्हणजे दुप्पट कष्ट. पण सिमेंटच्या रासायनिक क्रियेत पोत्यामागे जेमतेम बारा लिटर पाणी बांधलं जातं. जास्तीचं पाणी उडून जातं, मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांतून ओल सळईपर्यंत पोचते. व्हायब्रेटर नीट फिरवला तर कमी पाण्याचा मालही छान बसतो. त्याच्या भाड्यात काटकसर नको.

राखमिश्रित पीपीसी सिमेंट कच्चं, हा समजही सोडावा. ते सावकाश ताकद धरतं, एवढंच. म्हणून त्याला पाणी जास्त दिवस मारायचं. सोलापूर जिल्ह्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात साध्या सिमेंटचं काम किमान १०, पीपीसीचं १४ दिवस ओलं ठेवावं. स्लॅबवर आळी करून पाणी भरतात ते पहिले तीन-चार दिवस हौसेने; मग टँकरचा खर्च डोळ्यांवर येतो आणि आळी सुकतात.

स्लॅब टाकतानाच त्याच मालाचे तीन ठोकळे भरून घ्यावेत, ओले ठेवावेत आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून घ्यावेत. घर बांधणाऱ्याने मिस्त्रीला हे आधीच सांगून ठेवलं, तर बादलीवरचा हातही आपोआप आखडतो.