घर सोडताय? नेटचा हिशोब आधी करा

मित्राने चाकणची नोकरी सोडली, मोशीतला भाड्याचा फ्लॅटही. नेटचा वर्षाचा पॅक मात्र पाचच महिने वापरून झालेला.

महिना 700 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे वर्षाचे 9,912 आगाऊ भरलेले. उरलेल्या सात महिन्यांचे 5,782 पाण्यात!

आपल्याकडे वेगळा 'दंड' सहसा लागत नाही, आगाऊ भरलेलेच बुडतात.

मी नेटवर्किंगच्या कामात आहे, म्हणून सांगतो. आधी नव्या पत्त्यावर कनेक्शन शिफ्ट होतंय का विचारा. राउटर अ‍ॅडॉप्टरसकट परत करा आणि पावती घ्या, नाहीतर डिपॉझिट अडकतं. (वायर काढायला आलेल्या पोराच्या हातात नुसता ठेवू नका!)

भाडेकरूंनी तीन महिन्यांचाच पॅक घ्यावा, थोडा महाग पडला तरी.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

काही अडलं तर खाली विचारा.