खिडकी उघडी होती का?

नरकचतुर्दशीची पहाट. बाहेर मिट्ट काळोख, अंगाला तेल-उटणं लावून पोरं कुडकुडत बसलेली आणि बाथरूमच्या दारापाशी नंबर लागलेले. तुमच्या घरीही असंच असतं ना?

माझ्या मावशीकडे त्या वर्षी नवाकोरा गॅस गीझर आला होता. नळ सोडला की आधी 'टक्-टक्-टक्', मग 'भप्' असा आवाज आणि लगेच वाफाळतं पाणी! आम्हा भाचरंडांना त्याचं भारी कौतुक. पहिली आंघोळ काकांची झाली, मग दोघा भावांची. चौथा नंबर माझ्या सातवीतल्या मावसबहिणीचा. गार वारा येतो म्हणून तिनं खिडकीच्या काचेच्या पट्ट्या लावून घेतल्या आणि दाराला कडी घातली.

थोड्या वेळानं आतून बादली कलंडल्याचा आवाज आला. मावशीनं हाक मारली. ओ नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. मग काकांनी खांद्यानं धक्के देऊन कडी उचकटली. ती फरशीवर निपचित पडली होती आणि गीझर भिंतीवर शांतपणे जळत होता.

तिला उचलून गॅलरीत आणलं. कुणी म्हणालं, उपाशीपोटी चक्कर आली. कुणी म्हणालं, फिट आली, कांदा हुंगवा. मोकळ्या हवेत काही मिनिटांनी तिनं डोळे उघडले, पण डोकं इतकं ठणकत होतं की तिला बोलवेना. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. "पाणी कशावर तापवता?" आणि "खिडकी उघडी होती का?" मग तिला तोंडाला मास्क लावून ऑक्सिजन दिला. संध्याकाळी ती घरी आली, चकली खाल्ली. आम्ही सगळेच सुटलो.

काका मात्र पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "अहो, पण गॅसचा वास अजिबात नव्हता! सिलिंडर गळत असता तर कळलं नसतं का?"

दोस्तांनो, सगळी गोम या प्रश्नातच आहे.

आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण असतं. (बर्फाळ देशांत नुसतं प्रोपेन वापरतात, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रव होऊन बसतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू राहतो.) या दोन्ही वायूंना खरं म्हणजे जाणवण्यासारखा वास नसतो. सडक्या कोबीसारखा जो वास आपल्याला येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा. ते अगदी कणभर असलं तरी नाकाला कळतं. म्हणजे गॅस गळला तर आपलं नाक पहारेकरी! पण गॅस पेटला की ते द्रव्यही ज्योतीत जळून जातं. जळल्यानंतर जे काही तयार होतं, त्याबद्दल नाक आपल्याला काहीच सांगू शकत नाही. काकांचं नाक चांगलंच होतं, पण विचारलं होतं चुकीच्या गोष्टीबद्दल.

मग जळल्यानंतर तयार काय होतं? प्रोपेनच्या एका रेणूला नीट जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. ते मिळाले की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बनते. पण खोली बंद असेल आणि ऑक्सिजन पुरेनासा झाला, तर प्रत्येक कार्बनच्या वाट्याला दोनऐवजी एकच ऑक्सिजन येतो. असा अर्धवट जळलेला कार्बन म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकलाही येत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनची ने-आण करतं हे तुम्ही शाळेत शिकला असालच. हा वायू त्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. एसटीत सगळ्या जागांवर न उठणारे प्रवासी बसले तर बाकीच्यांनी जायचं कसं? तसंच होतं.

यातली वाईट गोष्ट अशी, की आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि पायांतली शक्ती जाते. धोका आहे हे मनात येईपर्यंत कडी काढायला उठवत नाही.

आता थोडा हिशेब करू. वही घ्या. पाच फूट बाय सहा फूट बाथरूम, उंची आठ फूट. म्हणजे २४० घनफूट, सात घनमीटरसुद्धा नाही. एक किलो गॅस पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस खातो. म्हणजे पाव तासात तीन घनमीटरहून जास्त हवेतला ऑक्सिजन फस्त! एक बादली काढायला तीन-चार मिनिटं लागतात, त्यात काही होत नाही. पण पाठोपाठ चार आंघोळी, वर शॉवर आणि खिडकी बंद? मावशीकडे पहिले तिघे सहीसलामत बाहेर आले, ते खिडकी उघडी होती म्हणून.

पूर्वी आजीच्या न्हाणीघरात बंब असायचा. त्याचा धूर डोळ्यांत जायचा, म्हणून कुणी दार लावून बसतच नसे, शिवाय वर कौलांच्या फटी होत्या. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली की जुन्या बायका दार किलकिलं ठेवायला सांगत. धूर त्रास द्यायचा, पण सावधही करायचा. गॅसची निळी ज्योत इतकी स्वच्छ दिसते की आपण तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. ज्योत पिवळी दिसली, भांड्यावर किंवा गीझरवर काजळी धरली, तर बर्नर नीट जळत नाही हे नक्की समजा आणि मेकॅनिकला बोलवा. पण ज्योत निळी आहे म्हणून खिडकी लावायला हरकत नाही, असं मात्र नाही हं!

या वायूचा छडा लावणाऱ्यांमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाचं नाव घ्यावंच लागेल. इंग्लंड-वेल्सच्या कोळशाच्या खाणींत स्फोट होत आणि माणसं मरत. हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात दाखवून दिलं, की त्यातले बरेच जण भाजून नाही, तर स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं गेले होते. त्यांनी स्वतः हा वायू हुंगून आपल्याच रक्तावर प्रयोग केले! खाणीत छोटे प्राणी-पक्षी न्यावेत हा सल्लाही त्यांचाच. कॅनरी पक्षी भराभर श्वास घेतो, त्यामुळे माणसाआधी तोच पडतो. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत होते, मग त्यांची जागा यंत्रांनी घेतली.

हाल्डेनसाहेब आपल्या लहान मुलालाही खाणीत घेऊन जात. एकदा त्याला छतालगतच्या हवेत उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली बसला. खाली हवा चांगली होती. खाणीतला मिथेन वायू हवेपेक्षा हलका असतो हे तो असा शिकला! (असले प्रयोग घरी करायचे नाहीत, बरं का.) हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून जगप्रसिद्ध झाला, १९५७ मध्ये भारतात राहायला आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

शहरात पाइपनं घरोघर येणारा गॅसही मिथेनच, तो गळला की वर जातो. सिलिंडरमधला गॅस उलटा, हवेपेक्षा जड. तो फरशीवर पाण्यासारखा पसरतो, ओट्याखाली, कॉटखाली साचतो. म्हणून सिलिंडरचा वास आला तर नुसती वरची झडप उघडून भागत नाही. दारही सताड उघडायचं, रेग्युलेटर बंद करायचा आणि दिव्याचं किंवा पंख्याचं कुठलंही बटण दाबायचं नाही. चालू आहे ते चालू राहू दे, बंद आहे ते बंद. बाहेर जाऊन मग १९०६ वर फोन करायचा. गळती कुठे आहे हे काडी ओढून पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत! नळी आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की गळतीच्या जागी बुडबुडे येतात, तेवढं पुरतं.

थंड हवेच्या ठिकाणी सुट्टीत जाणार असाल तर एक गोष्ट आईबाबांनाही वाचून दाखवा. जानेवारी २०२० मध्ये केरळमधली काही कुटुंबं नेपाळमध्ये दामन इथे उतरली होती. कडाक्याची थंडी म्हणून आठ जण एकाच खोलीत झोपले, गॅसचा हीटर लावला, दारं-खिडक्या बंद केल्या. सकाळी आठांपैकी कुणीही उठलं नाही. त्यात चार लहान मुलं होती. अशा काही हीटरांत ऑक्सिजन कमी झाला की आपोआप विझण्याची सोय असते. हवेत एरवी २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो १८ टक्क्यांच्या आसपास आला की छोटी ज्योत जागची सुटते आणि गॅस बंद होतो. पण भाड्याच्या खोलीतल्या जुन्या हीटरात ती सोय आहे की नाही, आणि असली तर चालू आहे का, हे आपल्याला काय ठाऊक? झोपण्याआधी खोली तापवून घ्यावी, हीटर विझवावा, आणि पेटलेला असेल तोवर खिडकी बोटभर तरी उघडी ठेवावी. जास्तीची रजई मागायला लाजू नये.

आणि घरातला गीझर? तो बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या जागी बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत घेणं सगळ्यात उत्तम. ते जमेपर्यंत बादली आधी भरायची, गीझर बंद करायचा, मग आत जायचं. आत कुणी पडलेलं दिसलं तर खिडकी-दार उघडायचं, गॅस बंद करायचा, त्या माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. डॉक्टरांना गीझरचं नक्की सांगायचं, नाहीतर फिट समजून भलतेच उपचार चालू होतात.

मावशीकडे आता गीझर गॅलरीत आहे. तरी काकांनी बाथरूमच्या खिडकीतल्या वरच्या दोन काचा कायमच्या काढून तिथे जाळी ठोकली आहे. डिसेंबरमध्ये तिथून असा काही गार वारा येतो की आंघोळ करताना दात वाजतात. सगळ्यात जास्त कुरकुर माझी मावसबहीणच करते.