आधी मनगट पाहावे

बी.ए. झाल्यावर, १९९०च्या दशकात, मी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत बेअरिंग विकत हिंडत असे. साहेबांच्या दाराबाहेर दोन दोन तास बसायचे आणि आत गेल्यावर आपल्याच कंपनीचे गुणगान गायचे! एकदा एका साहेबांनी घड्याळाकडे पाहत विचारले, “आमचे कुठले मशीन बंद पडते, ठाऊक आहे?” मला ठाऊक नव्हते. ऑर्डर गेली, नोकरी जाता जाता राहिली.

घरी अब्बांना सांगितले. अब्बा मणेर, हात पाहूनच बांगडी दोन-चारची की दोन-सहाची, हे ओळखत. म्हणाले, “बेटा, आधी मनगट पाहावं, मग पेटी उघडावी.”

मग मी आधी मेंटेनन्सच्या फोरमनला भेटू लागलो. ६२०५ नंबरचे बेअरिंग म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, एवढे मला पाठ होते; ते कुठे आणि का जळते, हे फोरमनने सांगितले. माल वापरणारा एक, दर ठरवणारा दुसरा, बिल मंजूर करणारा तिसरा, हेही तिथेच कळले.

साहेबांची वेळ त्यांच्या सेक्रेटरीला आदराने विचारून घ्यावी. दहा मिनिटे मागितली, तर नवव्या मिनिटाला उठावे. पहिल्या वाक्यात त्यांची अडचण, दुसऱ्यात आपला उपाय, मग किंमत आणि माल पोचण्याची तारीख. नंतर गप्प बसून ऐकावे. उपाय आपल्याकडे नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

पुढे त्याच साहेबांनी मला स्वतःहून बोलावले. त्या दिवशी मी पेटी उशिरा उघडली.