एकास बारा

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला केला नाही, असा मुलगा आमच्या लहानपणी साताऱ्यात तरी सापडला नसता. आमच्या घरी दरवर्षी किल्ला होई आणि त्याचा सर्वाधिकारी असे आमचा दादा. मी त्याच्याहून आठ वर्षांनी धाकटा. चिखल कालवणे, जुनी पोती आणणे आणि अळीव पेरणे एवढीच खाती माझ्याकडे. त्या किल्ल्यांत एक गोष्ट मला फार खटके. बुरुजावरचा मातीचा मावळा बुरुजाच्या दुप्पट उंच असायचा, आणि सिंहासनावरचे महाराज उठून उभे राहते तर सबंध किल्ला त्यांच्या गुडघ्याला लागला असता. एकदा धीर करून मी दादाला तसे विचारले. तो म्हणाला, "गाढवा, माणसं मोठी होती म्हणून तर किल्ले राहिले." या उत्तरावर मी कितीतरी वर्षे समाधानी होतो.

प्रमाण म्हणजे काय, हे मला खरोखर कळले ते चाळिशी गाठताना, मोटारसायकलींच्या नादाने. खऱ्या नव्हेत. खरी मोटारसायकल मला चालवता येत नाही. पुण्याच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. बसने जातो, बसने येतो. माझ्या मोटारसायकली वीतभर लांबीच्या असतात. घरी येणारे विद्वान पाहुणे मराठीच्या प्राध्यापकाच्या टेबलावर पोथ्या-पुस्तकांची अपेक्षा करतात; तिथे चिमटे, रंगाच्या इवल्या बाटल्या आणि औषधाच्या गोळीएवढे कार्ब्युरेटर दिसले की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. "मुलाचं वाटतं हे?" असे ते विचारतात. "नाही, माझ्या आईच्या जावयाचं," असे आमची सौ. चहाचे आधण ठेवता ठेवता सांगते.

हा उद्योग आहे तरी काय? जपानात शिझुओका शहरी तामिया नावाची कंपनी आहे. १९४६ साली ती लाकूड कापण्याच्या धंद्यात सुरू झाली, पुढे लाकडी प्रतिकृती करू लागली आणि १९६० साली तिने प्लॅस्टिकचा आपला पहिला संच काढला, तो 'यामातो' या युद्धनौकेचा. आज एक तांबडा आणि एक निळा असे तिचे दोन तारे पाहिले की जगभरच्या छांदिष्टांचे डोळे लकाकतात. तिच्या मोटारसायकलींचे बहुतेक संच एकास बारा या प्रमाणाचे असतात. म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट तो इथे एक इंच. दोन मीटरची गाडी सोळा-सतरा सेंटिमीटरांत बसते.

खोक्यात गाडी नसते, हे आधी सांगितलेले बरे. प्लॅस्टिकच्या चौकटींना, झाडाला कैऱ्या लटकाव्यात तसे लहानमोठे तुकडे लटकलेले असतात. बरोबर रबरी टायर, बारीक स्क्रू, केबलींसाठी मऊ नळी, पाण्यात भिजवून उतरवायची अक्षरे-आकडे आणि एक चित्रमय पुस्तिका. बाकी सगळे तुमच्या हातांवर आणि डोळ्यांवर.

हात आणि डोळे मात्र एकट्याचे पुरत नाहीत. म्हणून दर रविवारी संध्याकाळी आम्ही चौघे आमच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. एक दंतवैद्य आहेत. झिजलेल्या आकड्या आणि दाढेत फिरवायच्या बारीक सुया त्यांच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे नोकरीला येतात. एक बँकेतले गृहस्थ आहेत. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक नातलगाची तारीख त्यांना पाठ असते, आणि त्या नातलगाच्या बॅगेत येताना एक खोके असतेच. तिसरे आमचे फिटरकाका. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षे काढली. सुरुवातीला मी एक नळी चिकटवत असताना त्यांनी विचारले, "सर, ही कुठनं कुठं जाते?" मी म्हणालो, "पुस्तिकेत इथेच दाखवली आहे." ते म्हणाले, "ते झालं हो. हिच्यातनं काय जातं?" मला सांगता येईना. तेल जाते हे त्यांनी सांगितले, आणि अर्थ न समजता श्लोक पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात जे बोलतो ते सगळे मला आठवले.

या कामात चिकटवणे सोपे. आपल्या खळीसारखा तो गोंद नव्हेच. दोन तुकडे जुळवून धरायचे आणि फटीला कुंचल्याचे टोक लावायचे. पातळ द्राव आपोआप आत ओढला जातो, दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि उडून जातो. मागे राहते ते एकसंध प्लॅस्टिक. खरी परीक्षा त्यानंतर. पेट्रोलची टाकी दोन अर्धुकांची येते आणि मधोमध सांधा दिसतो. खऱ्या टाकीला तिथे रेघ नसते. मग रंगारी जिला लांबी म्हणतात ती भरायची आणि पॉलिश पेपर ओला करून घासायचे, आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १२००. नखाला सांधा लागेनासा झाला म्हणजे बोटांना तो अजून लागतोच आहे असे भास होतात.

रंगाचे तर विचारूच नका. एक दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे हिशेबाने खऱ्या गाडीवर मिलिमीटरहून जाड लेप! तो डांबर फासल्यासारखा दिसतो. म्हणून एअरब्रशने, हवेच्या फवाऱ्याने, पाच-सहा विरळ हात द्यायचे. आधी लॅकर, त्यावर बारीक कामाला इनॅमल. कारण इनॅमलचे थिनर खालच्या वाळलेल्या लॅकरला दुखवत नाही. उलटे केले तर खालचा रंग वरच्याबरोबर निघून हातात येतो. हे मी एकदा उलटे केले आहे.

आणि आपला पावसाळा! जपानी पुस्तिकेत आषाढाचा उल्लेख नसतो. लॅकरचा द्राव झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि तांबड्याभडक टाकीवर भाजलेल्या वांग्यासारखी पांढुरकी राख चढते. त्यामुळे आमच्या मंडळात जून ते सप्टेंबर फक्त घासणे आणि जोडणे. नवरात्र संपले की रंग. दिवाळीला आमची बोटे उटण्याआधीच रंगलेली असतात.

आता त्या गाडीकडे येतो जिच्यामुळे हा लेख लिहीत आहे. होंडा आरसी १६६. १९६६ सालची शर्यतीची गाडी, २५० सीसी गटातली. एवढ्याशा इंजिनात सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह. प्रत्येक पिस्टनचा व्यास ३९ मिलिमीटर, म्हणजे आमच्या प्रमाणात सव्वातीन, साबुदाण्याएवढा. इंजिन मिनिटाला अठरा हजार फेरे घेई. सहा सायलेन्सर, तीन इकडे, तीन तिकडे. त्या वर्षी इंग्लंडच्या माइक हेलवुडने हिच्यावर जागतिक स्पर्धेतल्या दहा शर्यती जिंकल्या. हिचा संच करायला मला सबंध वर्ष लागले. २०१९ च्या नवरात्रानंतर रंग झाला, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात केबली जोडून मी ती टेबलावर पारदर्शक डब्याखाली ठेवली.

तिथे ती राहायची नव्हती. दादा दिवाळीला यायचा असला की माझ्या सगळ्या गाड्या कपाटात, ज्ञानेश्वरीच्या आणि शब्दकोशांच्या मागे जात. ही गोष्ट मी मंडळातही कधी बोललो नव्हतो.

दादाकडे यझदी होती. मैसूरची, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेली ती गाडी त्या वेळच्या तरुणांना किती प्रिय होती, हे पन्नाशीच्या वाचकांना सांगायला नको. दर रविवारी सकाळी तो ती अंगणात पुशीत बसे आणि मी बादली धरी. १९९९ साली मी पुण्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी एसटीडी बूथवरून घरी फोन केला, "दादा, एसटीला फार गर्दी आहे. गाडी घेऊन येतोस?" तो निघाला. कात्रजच्या घाटात वळणावर खडी पसरली होती. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या दिवाळीला घरात पणतीही लागली नाही. गाडी मामांनी परस्पर विकली, आणि तेव्हापासून आमच्याकडे मोटारसायकल हा शब्द कोणी उच्चारला नाही. मी चालवायला शिकलो नाही, त्याचेही कारण कोणी विचारले नाही.

तर त्या २०१९ च्या दिवाळीत दादा एक दिवस आधीच आला. मी कॉलेजातून परतलो तो तो माझ्या खुर्चीत. काठी भिंतीला टेकवलेली, डोळ्यांवर माझे भिंग, समोर डबा काढून ठेवलेली होंडा. मी दारातच थांबलो.

"बाळ्या, कुणाची रे ही?"

"डॉक्टरांची. ठेवायला दिलीय," मी बेधडक खोटे बोललो.

"तुझ्या डॉक्टरांना सांग, क्लच उजव्या हाताला घातलाय. ह्यावर बसणारा ब्रेक समजून क्लच दाबील आणि पहिल्या वळणाला भिंतीवर जाईल."

मी वाकून पाहिले. खरेच होते. हँडलच्या दोन्ही दांड्यांची मी अदलाबदल केली होती, केबलीही तशाच ओढल्या होत्या, आणि आमच्या मंडळातल्या चौघांपैकी, फिटरकाकांसकट, एकाच्याही ते लक्षात आले नव्हते.

"आणखी किती आहेत?" दादाने विचारले. मी काही बोलायच्या आत सौ.ने कपाट उघडले आणि शब्दकोश खाली काढायला सुरुवात केली. सात गाड्या निघाल्या. त्याने एकेक दिव्याजवळ धरून पाहिली. चाके फिरवली. एकीची साखळी सैल आहे म्हणाला. सातवी खाली ठेवून तो म्हणाला, "एवढ्या केल्यास आणि मला एक दाखवली नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून, दादा."

"मला गाडीचं कधी वाईट वाटलं नाही रे. गाडीचं नाव निघालं की तुम्ही सगळे उठून आत जायचात, त्याचं वाटायचं."

वीस वर्षे जे घशाशी होते ते मग मी बोललो. तो फोन मी केला नसता तर. दादाने भिंग काढून पुसले. "फोनचं काय घेऊन बसलायस? गाडी बाहेर काढायला मला निमित्तच लागायचं. तू नसतास बोलावलंस तर वाईला गेलो असतो, मिसळ खायला." एवढे बोलून त्याने सौ.कडे आणखी चहा मागितला.

त्या रविवारी तो मंडळात बसला. बँकवाल्यांनी त्याला तार्क्विनियो प्रोविनीची हकिकत सांगितली, ती इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा इटलीचा शर्यतवीर, १९५७ आणि १९५८ चा जगज्जेता. १९६३ साली एका सिलिंडरच्या मोरिनीवर बसून त्याने होंडाच्या चार सिलिंडरवाल्या गाडीला शेवटच्या शर्यतीपर्यंत झुंजवले आणि अवघ्या दोन गुणांनी विजेतेपद गमावले. १९६६ साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीच्या सरावात तो पडला, पाठीला भयंकर दुखापत झाली आणि त्याचे शर्यतीचे आयुष्य तिथे संपले. त्याच शर्यतीत २५० सीसी गटात पहिला आला तो हेलवुड, या सहा सिलिंडरांच्या होंडावर. पुढे प्रोविनीने स्वतःच्याच नावाची आद्याक्षरे जोडून 'प्रोटार' नावाची कंपनी काढली आणि मोटारसायकलींच्या प्रतिकृतींचे संच बनवले. एकास नऊ प्रमाणाचे, आमच्याहून थोडे मोठे. त्याच्या साच्यांतून निघालेले संच पुढे इटालेरी या कंपनीनेही विकले.

दादाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्याच्या गाडीत क्लच कुठल्या बाजूला असायचा?" खोलीत मोठा हशा पिकला. माझी होंडा मात्र त्याने दुरुस्त करू दिली नाही. ती अजून तशीच आहे, क्लच उजव्या हाताला.

आता तो महिन्यातून एकदा साताऱ्याहून येतो. फवारा त्याच्या हाताला फार स्थिर चालतो. टाक्या तोच रंगवतो, आणि त्यांवर मला पुसायलाही हात लावू देत नाही. गेल्या वर्षी त्याने मागणी केली, यझदीची. मैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला. २०२२ पासून ते नाव नव्या गाड्यांवर आले आहे, पण दादाला हवी होती ती जुनी, आणि तिचा संच काही आम्हाला मिळाला नाही. मग प्लॅस्टिकचे पत्रे आणून आम्ही ती स्वतःच घडवायला घेतली. फिटरकाका कॅम्पातल्या एका गॅरेजात पडलेल्या यझदीची मापे फूटपट्टीने घेऊन आले आणि एकेक माप बाराने भागत बसले.

सगळी मापे मिळाली, एक सोडून. यझदीला किकची आणि गिअरची दांडी एकच असे, डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवली की किक, गाडी सुरू झाली की पुन्हा पुढे आणून गिअर. गॅरेजातल्या गाडीची नेमकी तीच दांडी तुटलेली होती. वर केल्यावर ती किती कलती उभी राहते, यावर मागच्या रविवारी अर्धा तास वाद झाला. दादा गप्प होता. मग त्याने खुर्ची मागे सरकवली, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे केले आणि डोळे मिटले. डावी मांडी किंचित उचलली गेली, गुडघा बाहेर वळला आणि थांबला.

"इथं," तो म्हणाला. "इथं लागायची पायाला."

फिटरकाका खाली बसले, त्याच्या गुडघ्याशी कोनमापक धरला आणि आकडा कागदावर टिपून घेतला.