भीमा-इंद्रायणी खोऱ्यातील मार्जारमीन आणि मार्गदर्शित गळमासेमारी : एक विवेचन

प्रस्तावना

गोड्या पाण्यातील मोठ्या जलाशयावर स्थानिक नावाडी अथवा मच्छीमार सोबत घेऊन, शुल्क भरून, गळाने मोठे मासे पकडण्याच्या सहली हा युरोप-अमेरिकेत एक स्थिर व्यवसाय झाला आहे. या सहलींत कॅटफिश अर्थात मार्जारमीन वर्गातील माशांना विशेष मागणी असते. अशा सहलींचे स्वरूप काय असते, त्या कोणत्या जीवशास्त्रीय आधारावर उभ्या असतात आणि भीमा खोऱ्यात त्यांना कितपत वाव आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय दिघीसारख्या ठिकाणापासून दूरचा वाटण्याची शक्यता आहे. भोसरी व आळंदी यांच्या दरम्यानचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज तेथे नागरी वसाहती, लष्करी आस्थापना आणि कारखान्यांतील कामगारांची घरे दिसतात. मोठा तलाव मात्र नाही. तथापि परिसरातील पाणी उत्तरेकडे इंद्रायणीस मिळते, इंद्रायणी तुळापूर येथे भीमेस मिळते आणि भीमेचे पाणी पुढे उजनीच्या यशवंतसागर जलाशयात साठते. पवनेचे पाणीही दापोडीस मुळेत व पुढे मुळा-मुठेतून भीमेत जाते. पिंपरी-चिंचवड व चाकण या संपूर्ण औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी, शुद्ध झालेले आणि न झालेले, अखेरीस ज्या जलाशयात पोहोचते तोच या खोऱ्यातील मार्जारमीनांचा सर्वांत मोठा अधिवास आहे. म्हणून या सहलींचा प्रश्न उजनीच्या काठावर उभा राहत असला तरी त्याचे मूळ बऱ्याच अंशी दिघी-मोशी-चऱ्होलीच्या परिसरात आहे.

पुण्याच्या नदीतून विज्ञानात गेलेली नावे

मार्जारमीनांच्या अभ्यासात पुणे परिसराचे स्थान मोठे आहे, याची जाणीव स्थानिक पातळीवर फारशी आढळत नाही. मुंबई इलाख्यात सांख्यिकी अहवालाचे काम पाहणारे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरील आपला शोधनिबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत सादर केला व तो १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. या निबंधात पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतून मिळालेल्या अनेक माशांची प्रथमच शास्त्रीय नोंद झाली. साइक्स यांची एक पद्धत लक्षणीय होती. कोळी-भोई मंडळी माशाला जे नाव देत तेच ते लॅटिन वळणाने शास्त्रीय नाव म्हणून स्वीकारीत. त्यामुळे ‘शिंगाळा’ हा शब्द ‘सींघाला’ होऊन जगभरच्या ग्रंथांत गेला. ‘शिंगटी’ याच रीतीने ‘सींगटी’ झाली. पृष्ठपराच्या व वक्षपरांच्या मुळाशी असणारे टणक काटे ही या माशांची ओळख असून मराठी नावातील ‘शिंग’ त्यांचेच निदर्शक होय.

आज स्पेराटा सींघाला या नावाने ओळखला जाणारा शिंगाळा पंजाबपासून बंगालपर्यंत पसरलेला असला, तरी त्याचे मूळ नोंदस्थान पुण्याची मुळा-मुठा हेच आहे. हिंदी पट्ट्यात ‘गूंच’ म्हणून प्रसिद्ध असलेला महाकाय मासा, बॅगॅरियस यारेली, याचेही मूळ नोंदस्थान तेच. इंग्रज निसर्गअभ्यासक यारेल यांच्या सन्मानार्थ साइक्स यांनी हे नाव दिले. उत्तराखंडातील रामगंगा व काली या नद्यांवर ज्या गूंच माशासाठी परदेशी गळकरी येतात, त्याला शास्त्रीय नाव पुण्यात सापडलेल्या नमुन्यावरून मिळाले आहे. मराठी नावाची ही परंपरा पुढेही चालू राहिली. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी कृष्णा खोऱ्यातील एका लहान मार्जारमीनाचे १९५२ मध्ये वर्णन केले. तो इतर माशांचे खवले खातो, म्हणून त्याचे नावच त्यांनी ‘खवलचोर’ ठेवले.

पुणे परिसरातील माशांच्या नोंदी त्यानंतरही होत राहिल्या. फ्रेझर यांची १९४२ ची यादी, सूटर यांनी १९४४ मध्ये घातलेली भर, टोणपी व मुल्हेरकर यांचे १९६३ चे टिपण आणि वाघ व घाटे यांचे मुळा-मुठेवरील २००३ चे सर्वेक्षण हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. एकाच नदीची दीडशेहून अधिक वर्षांची अशी मालिका भारतात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे. ही मालिका क्रमाने वाचली असता नदीतील मत्स्यवैविध्याचा ऱ्हास स्पष्ट दिसतो.

मार्जारमीनाची जीवनपद्धती

मार्गदर्शित सहलीचे संपूर्ण तंत्र माशाच्या स्वभावावर आधारलेले असते. मार्जारमीनांच्या अंगावर खवले नसतात. तोंडाभोवती मांजरीच्या मिशांसारखी स्पर्शके असतात व त्यांवर चव ओळखणारी इंद्रिये विपुल असतात. या इंद्रियांचा विस्तार त्वचेवरही असल्याने गढूळ पाण्यात वा रात्रीच्या अंधारात दृष्टीची उणीव त्यांना जाणवत नाही. वाताशय व अंतःकर्ण यांना जोडणाऱ्या लहान अस्थींच्या साखळीमुळे त्यांची श्रवणशक्तीही तीव्र असते. म्हणून जाणता नावाडी होडीत पाय आपटू देत नाही. बहुतेक मोठ्या जाती दिवसा डोहाच्या तळाशी, बुडालेल्या झाडाझुडपांच्या वा दगडी बांधकामाच्या आश्रयाने राहतात आणि सायंकाळनंतर उथळ पाण्याकडे भक्ष्यासाठी येतात. उजनीच्या पोटात अशी आश्रयस्थाने पुष्कळ आहेत. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. त्याच्या आसपास बुडालेल्या वस्त्यांच्या भिंती, विहिरी व बांध यांची माहिती जुन्या धरणग्रस्त कुटुंबांना तोंडपाठ असते. ध्वनिलहरींच्या यंत्रावर तळाचा जो नकाशा दिसतो, तो या मंडळींना आपल्या गावाच्या आठवणीतून ठाऊक आहे.

या खोऱ्यात गळकऱ्याच्या दृष्टीने दोन जाती प्रमुख ठरतात. पहिली शिंगाळा. दुसरी पडीन, शास्त्रीय नाव वॉलागो अट्टू. रुंद जबडा व तीक्ष्ण दातांच्या रांगा असलेला हा शिकारी मासा एक मीटरहून अधिक लांब वाढू शकतो. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत पडीन ‘असुरक्षित’ गटात असून देशी मागूर त्याहून गंभीर अशा ‘संकटग्रस्त’ गटात आहे. पडीन पावसाळ्याच्या आरंभी, पुराचे पाणी काठावर पसरताच अंडी घालतो. शिंगाळ्याची रीत वेगळी आहे. तो उन्हाळ्याच्या अखेरीस तळात खळगा करून अंडी घालतो व पिलांची राखण करतो. राखण करणारा मासा गळाला लागून अर्धा तास जरी घरट्यापासून दूर राहिला, तरी पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. मासा पकडून जिवंत सोडला म्हणजे हानी झाली नाही, हा समज या जातीबाबत एप्रिल ते जुलै या काळात खरा ठरत नाही.

सहलीचे स्वरूप

प्रत्यक्ष सहलीत मार्गदर्शक होडी, गळ, काठी, रीळ, दोर व आमिष पुरवितो, जागा निवडतो आणि मासा लागल्यावर तो काठापर्यंत आणण्यास साहाय्य करतो. शिशाचे वजन लावून आमिष तळाशी ठेवणे ही नेहमीची पद्धत होय. गांडुळे, कोंबडीची आतडी वा माशाचे तुकडे, म्हणजे ज्यांचा वास पाण्यात दूरवर पसरतो असे पदार्थ त्यासाठी वापरले जातात. मासा सोडून द्यावयाचा असल्यास वर्तुळाकार वळणाचा गळ वापरतात. तो गिळला न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. ओल्या हातांनी धरणे, त्वचेवरील बुळबुळीत थर न पुसणे, वजन करताना जबड्याने न टांगणे आणि पाणी उष्ण असताना झुंज न लांबविणे हे नियम पाळले तरच सोडलेला मासा जगतो. वक्षपराचा काटा हातात घुसल्यास जखम चिघळते, त्यामुळे नवशिक्याने मासा मार्गदर्शकाकडेच द्यावा हे बरे.

इतरत्रचा अनुभव

स्पेनमधील एब्रो नदीवरील मेकिनेन्सा जलाशय हे या व्यवसायाचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. तेथे १९७४ मध्ये एका जर्मन गळप्रेमी अभ्यासकाने मध्य युरोपातील वेल्स जातीच्या मार्जारमीनाची पिले सोडली. दोन मीटरहून लांब वाढणाऱ्या या माशाने पुढे मेकिनेन्सा गावाचे अर्थकारणच बदलले. गळकऱ्यांसाठी निवासगृहे, होड्या व मार्गदर्शक यांची मोठी सोय तेथे उभी राहिली. दुसऱ्या बाजूस हाच मासा आज स्पेनच्या आक्रमक परकीय जातींच्या यादीत आहे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातील सँटी-कूपर जलाशयांवरही बाहेरून आणलेल्या निळ्या कॅटफिशवरच सहलींचा व्यवसाय पोसला गेला.

भारतात कावेरीवरील भीमेश्वरी येथे कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस या उपक्रमाने महसीर माशासाठी शिबिर चालविले. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणाऱ्या काही स्थानिकांना तेथे मार्गदर्शक व रखवालदार म्हणून काम मिळाले, हा त्यातील सर्वांत मोलाचा भाग. अभयारण्यातील गळमासेमारीवरील निर्बंधांमुळे २०१० च्या सुमारास ही शिबिरे थांबली. या प्रयोगाची एक बाजू मात्र पुणे जिल्ह्याशी निगडित असून ती फारशी सुखद नाही. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात खुद्री जातीच्या महसीरची पैदास यशस्वी झाली. या कामात उपर्युक्त कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. तेथील पिले चांगल्या हेतूने कावेरीत सोडण्यात आली. तेथे ती इतकी फोफावली की कावेरीचा मूळचा कुबडा महसीर दुर्मीळ झाला. त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी म्हणून २०१८ मध्ये निश्चित झाली, तोवर तो अतिसंकटग्रस्त अवस्थेस पोहोचला होता. खुद्री हे नावसुद्धा साइक्स यांनीच पुण्याच्या नदीवरून दिलेले आहे.

उजनीवरील शक्यता व अडचणी

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. भिगवणजवळील कुंभारगाव व डिकसळ येथे रोहित पक्षी पाहण्यासाठी हिवाळ्यात पर्यटक येतात आणि मच्छीमार कुटुंबेच होडी चालविणे, पक्षी दाखविणे व घरगुती जेवण देणे ही कामे करतात. मार्गदर्शित सहलीस लागणारी सामाजिक घडी अशा रीतीने तेथे आधीच बसलेली आहे. जाळ्यात सापडलेला शिंगाळा बाजारात किलोच्या भावाने एकदाच विकला जातो. तोच मासा जिवंत सोडला तर त्यावर पुन्हा उत्पन्न मिळू शकते. हा युक्तिवाद आकर्षक आहे. परंतु उत्पन्न होडीवाल्याला आणि त्याग जाळेवाल्याला, अशी विभागणी झाल्यास तो टिकणार नाही. ज्या भोई कुटुंबांचा उदरनिर्वाह रोजच्या जाळ्यावर आहे, त्यांनी मोठा मासा का सोडावा, याचे उत्तर मच्छीमार सहकारी संस्थांच्या हिशेबात दिसले पाहिजे. शहरी गळकऱ्यांच्या मंडळाला जलाशयाचा एक भाग राखून देणे हा मार्ग कागदावर सोपा दिसतो, पण धरणात आधीच जमीन गमावलेल्या कुटुंबांना पाण्यातूनही बाहेर ठेवणारा ठरेल.

दुसरी अडचण सुरक्षिततेची. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. उजनीचे पात्र रुंद आहे व वळवाचा वारा अचानक सुटतो. मार्जारमीनांच्या सहली सायंकाळी व रात्री चालतात, म्हणून जीवरक्षक जाकीट आणि हवामानाची पूर्वसूचना यांवाचून त्या सुरू करणे बेजबाबदारपणाचे होईल.

तिसरी व सर्वांत खोल अडचण पाण्याची आहे. जलाशयात आज चिलापी या परकीय माशाचे प्राबल्य असून मोठे शिकारी मासे कमी झाले आहेत. शिकारी मासा अन्नसाखळीच्या वरच्या टोकास असल्याने आणि तळाच्या गाळाशी त्याचा नित्य संबंध असल्याने जड धातूंसारखी दूषिते त्याच्या शरीरात साठत जातात. कारखान्यातील धातूप्रक्रियेचे पाणी कोणत्या नाल्यात सोडले गेले, याचा परिणाम शंभर किलोमीटर खालच्या शिंगाळ्याच्या यकृतात उतरू शकतो. आळंदीस इंद्रायणीवर येणारा पांढरा फेस वारकऱ्यांना डोळ्यांनी दिसतो. तळाच्या गाळातील बदल मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

मासे कमी झाले की बाहेरून आणून सोडण्याचा मोह होतो. आफ्रिकी मागूर, जो बाजारात ‘थाई मागूर’ म्हणून ओळखला जातो, अल्प प्राणवायूच्या घाणेरड्या पाण्यातही झपाट्याने वाढतो आणि गळालाही सहज लागतो. सहलीच्या आयोजकाला याहून सोयीचा मासा सापडणार नाही. केंद्र शासनाने त्याच्या संवर्धनास मनाई केलेली आहे, कारण तो सुटल्यास देशी मासे, बेडूक व अंडी यांचा फडशा पाडतो. तेव्हा उजनीवर सहली सुरू झाल्याच तर त्या देशी शिंगाळा व पडीन यांच्यापुरत्या आणि ऑक्टोबर ते मार्च या काळातच असाव्यात. पकडलेल्या प्रत्येक माशाची लांबी, ठिकाण व दिनांक मार्गदर्शकाने वहीत लिहून ठेवल्यास १८३९ पासूनच्या नोंदींच्या मालिकेत भर पडेल. परिसरातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग अशा वह्या तयार करून देऊ शकतात व त्यांची वार्षिक तपासणी करू शकतात.

इंद्रायणीवर मात्र तूर्त गळाचा विचारही अप्रस्तुत आहे. देहू व आळंदी येथील डोहांत मासे न मारण्याची धार्मिक परंपरा जुनी असून नदीतील महसीर दीर्घकाळ तिच्याच आधाराने टिकले. या डोहांत आज शिंगटी, शिंगाळा, पडीन यांपैकी काय उरले आहे, हे पाहण्यासाठी गळाची गरज नाही. पहिल्या पुरानंतर चऱ्होली ते तुळापूर या पट्ट्यात भोई मंडळींच्या जाळ्यांतील मासे मोजले, तरी पुरेशी सुरुवात होईल.