गोष्ट एका वाक्यात

मुलांनो, कळंबा तलावाच्या काठी चित्रपटाची गोष्ट सांगताना मित्र जांभया देऊ लागला, असे कधी झाले आहे का? मग तीच गोष्ट एका वाक्यात सांगा. अशा वाक्याला ‘लॉगलाइन’ म्हणतात.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ घ्या. ‘कर्जाची दुःखद कहाणी’ म्हटल्याने डोळ्यांपुढे काहीच येत नाही. पण ‘सावकाराने जमीन लुबाडल्यामुळे गरीब शेतकऱ्याला पोटासाठी शहर गाठावे लागते’ म्हणताच कोण, कशामुळे, कोणत्या संकटात, हे कळते. शेवट मात्र सांगायचा नाही.

आता प्रयोग करा. वाक्यातला एकेक शब्द झाकून पाहा. अर्थ तसाच राहिला, तर तो शब्द गाळा. मग वाक्य मित्राला ऐकवा. ‘पुढे काय झाले?’ असे त्याने विचारले, की प्रयोग यशस्वी!